तक्त्यावरील खोटा आकडा

आपल्या समाजातील अनेक मुलेमुली आज नर्सिंगचे शिक्षण घेत आहेत, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु कॉपी म्हणजे परीक्षेतील चिठ्ठी, एवढाच समज त्यांच्यात आढळतो. मैत्रिणीची केस स्टडी उतरवणे, न केलेली प्रोसिजर वहीत लिहिणे, श्वास न मोजताच तक्त्यावर '२०' भरणे (हे तर सर्रास चालते!) हीदेखील कॉपीच होय. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. घाईत नेमके तेच टळते.

गरोदर स्त्रीला झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेट देतात. दर ४ तासांनी पुढील डोस देण्यापूर्वी श्वसन मिनिटाला किमान १६, लघवी तासाला किमान ३० मिली आणि गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत आहे, हे पाहावेच लागते. औषध अंगात साचले की आधी ही क्रिया जाते, पुढे श्वास मंदावतो. अशा वेळी खोट्या '२०' वर विसंबून इंजेक्शन दिले गेले, तर चौथ्या शीलाचा भंग पहिल्या शीलापर्यंत पोहोचतो.

मोजले नसेल तर रकाना कोरा ठेवावा व सिस्टरना तसे सांगावे. बोलणी बसतील, पण श्वास लगेच मोजला जाईल.