पाणमांजर

मुलांनो, उर्दूत आपण ज्याला 'ऊदबिलाव' म्हणतो, त्यालाच मराठीत 'पाणमांजर' म्हणतात. नावात मांजर असले, तरी हा प्राणी मांजराच्या कुळातला नाही. युरोप-अमेरिकेतील मिंक हा त्याचा नातलग आहे.

महाराष्ट्रात सिंधुदुर्गातील नद्या व खाड्यांत पाणमांजरे आढळतात. त्यांच्या बोटांमध्ये पातळ पडदा असतो. शेपटी सुकाणूचे काम करते. बुडी मारताच नाक व कान बंद होतात. दाट केसांमुळे पाणी कातडीपर्यंत पोहोचत नाही. पाणमांजरे कुटुंबाने राहतात व मिळून मासे पकडतात. पिलांना मात्र पोहणे शिकवावे लागते!

पण हे मऊ, दाट केसच त्यांच्या जिवावर उठले. कातडीसाठी त्यांची शिकार होऊ लागली. परदेशांत तर मिंक लहान पिंजऱ्यांत पाळतात. २०२० साली करोनाच्या भीतीने डेन्मार्कमध्ये एक कोटीहून अधिक मिंक मारले गेले. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाणमांजराच्या शिकारीस बंदी आहे.

प्राणिसंग्रहालयात पाणमांजराला रोज अन्न मिळते, शत्रूचे भय नसते. पण तेवढे पुरेसे नाही. पोहायला पाणी, अंग सुकवायला कोरडी जागा, लपायला बीळ आणि सोबती नसेल, तर ते दिवसभर येरझारा घालत राहते. म्हणून त्याचे खरे घर नदीच.

पैनगंगा आपल्याच जिल्ह्यात उगम पावते. नदीत स्वच्छ पाणी, मासे आणि काठावर झाडी असेल, तरच जलचर जगतात. नदीत कचरा टाकण्यापूर्वी तुम्ही हे आठवाल ना?