दिवाळीच्या खर्चाची घरगुती तजवीज
दिवाळीच्या वाढत्या खर्चाची तोंडमिळवणी व्हावी म्हणून अनेक मराठी गृहिणी फराळाच्या मागण्या स्वीकारतात, आणि या उद्योगात हातच्या कौशल्याइतकेच महत्त्व हिशेबाला आहे. कारण भाजणी, तूप, तेल यांची किंमत काटेकोरपणे मांडणारी स्त्री इंधन, वेष्टन आणि विशेषतः स्वतःच्या श्रमांची मजुरी बहुधा खर्चात धरीतच नाही, व मग नफा म्हणून जे हाती येते ते वस्तुतः तिचेच अल्प वेतन असते. हा अन्याय तिने स्वतःवर करू नये. हिशेबाबरोबर कामाचा क्रमही ठरवावा: पोहोचण्यास वेळ लागत असल्याने परदेशी धाडावयाच्या चकल्या व शंकरपाळे आधी तळावेत. ओल्या नारळाच्या करंज्या टिकत नसल्याने त्या स्थानिक गिऱ्हाइकांपुरत्याच ठेवाव्यात. मागणीबरोबर इसार घ्यावा. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यान्वये घरगुती विक्रीसही नोंदणी आवश्यक असून, ती आश्विनापूर्वीच करून घ्यावी.