थंडावा घरी बनवा, मैदानावर राखा

सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत झाली. उन्हाचा तडाखा एवढा होता की २४ फेऱ्यांची शर्यत २१ फेऱ्यांवर आणावी लागली, तरीही दुसरा आलेला होर्हे मार्टिन शर्यत संपताच कोसळला. दोनच आठवड्यांनी कतारमधल्या फॉर्म्युला वन शर्यतीत, तीही रात्रीची, लोगन सार्जंटला प्रकृती बिघडल्यामुळे माघार घ्यावी लागली आणि एस्तेबान ओकॉनला हेल्मेटमध्येच उलट्या झाल्या. त्यातून धडा घेऊन २०२५ पासून फॉर्म्युला वनमध्ये नियम आला, की उष्णता निर्देशांक ३१ अंशांच्या वर जाण्याचा अंदाज असेल तर चालकाला थंड ठेवणारी यंत्रणा गाडीत बसवलीच पाहिजे. हे सगळे वर्षभर कसून तयारी करणारे खेळाडू, दिमतीला डॉक्टरांचं पथक असलेले. नाशिकजवळची रॅली, पुण्याच्या आसपासची डर्ट ट्रॅक शर्यत किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवरचा शनिवार-रविवार गाठणाऱ्या हौशी संघाकडे यातलं काहीच नसतं. असते ती गाडीची डिकी आणि तिच्यात मावेल तेवढं सामान. त्या सामानात बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिज हवा का, हा प्रश्न म्हणूनच चैनीचा नाही. माझं उत्तर आहे, हवा. पण थंडावा तयार करण्यासाठी नको, घरून तयार करून नेलेला थंडावा टिकवण्यासाठी हवा. हा फरक ज्याला उमगला त्याचं काम निम्म्या बॅटरीत भागतं, आणि ज्याला उमगला नाही त्याच्या हाती रविवारी दुपारी कोमट पाणी येतं.

आधी गरज कोणाची ते पाहू. स्पर्धकाचा विचार सगळेच करतात, पण सर्वांत जास्त वेळ उन्हात उभा राहतो तो मार्शल. रॅलीचा टप्पा सुरू होण्याच्या बराच आधी तो आपल्या चौकीवर पोचलेला असतो आणि शेवटची गाडी निघून गेल्याशिवाय त्याला हलता येत नाही. हाती झेंडा, अंगात जाड जॅकेट, आजूबाजूला झाड असेलच असं नाही. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि माणूस बरळायला लागला की तो उष्माघात समजायचा. तिथे पहिला उपचार एकच: रुग्णवाहिका येईपर्यंत अंग गार करत राहणं. ओले गार टॉवेल मान, काखा, जांघा यांवर ठेवायचे, तापले की बदलायचे. हे टॉवेल ४ अंशांवर तयार असणं आणि ३८ अंशांच्या पाण्यात बुडवलेले असणं, यांत माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो. त्याखेरीज रोजच्या गरजा आहेतच. कालवलेलं ओआरएस २४ तासांत संपवायचं असतं, न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांतच राहावं लागतं, आणि दही, पनीर, उकडलेली अंडी यांच्यावर ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. शर्यतीच्या मैदानावर भर दुपारी सावलीतलं तापमानसुद्धा नेमकं याच पट्ट्यात असतं.

मग बर्फाची पेटी काय वाईट? हा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत वजनदार आहे, त्यामुळे त्याला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवं. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. म्हणजे १० किलो बर्फात जवळपास ०.९३ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता ओढून घेण्याची ताकद असते, आणि तीही विजेच्या तारेशिवाय. आता उलट बाजू पाहा. मैदानावर पोचल्यावर ३५ अंशांच्या २० लिटर पाण्याच्या बाटल्या फ्रिजमध्ये टाकल्या आणि त्या ५ अंशांवर आणायच्या म्हटलं, तर ०.७ युनिट उष्णता बाहेर काढावी लागते. छोटा कंप्रेसर एका युनिट विजेत दीड युनिट उष्णता उपसतो असं धरलं, तर त्यासाठी सुमारे ०.४७ युनिट वीज लागेल. अशा फ्रिजचा कंप्रेसर साधारण ४५ वॉटचा, म्हणजे दहा तासांहून अधिक अखंड घरघर. दुपारी तीनला ठेवलेलं पाणी मध्यरात्रीनंतर गार होणार! बर्फाचे पाठीराखे इथे बरोबर आहेत: साठवलेल्या थंडाव्याच्या बाबतीत बर्फाला तोड नाही.

पण पारडं इथेच फिरतं. तोच फ्रिज आधीच गार असलेलं सामान फक्त राखू लागला, तर ४० लिटरच्या, भिंतीत जाड फोम असलेल्या पेटीला कडक उन्हाळ्यातही, सावलीत ठेवल्यास, दिवसाला साधारण ०.३ ते ०.३५ युनिट पुरतात. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ हे ४८ तास धरले तर ०.७ युनिटच्या आत काम होतं. आता घरच्या फ्रीजरमध्ये एक-एक लिटरच्या पाच बाटल्या दगड होईपर्यंत गोठवा आणि तळाशी रचा. त्या वितळताना जवळपास ०.४६ युनिट उष्णता गिळतात, म्हणजे बॅटरीची ०.३ युनिट वीज वाचते. राहिली ०.४. ती ५० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत सहज बसते, कारण १२.८ व्होल्टने गुणलं की तिची ०.६४ युनिट होतात. गरम पाणी भरणाऱ्याला १०० अँपिअर-तासांची बॅटरीही जेमतेम पुरेल. बर्फ आणि फ्रिज हे प्रतिस्पर्धी नव्हेतच. बर्फ घरच्या मीटरवर साठवलेली थंडी आहे, आणि ती ठरावीक तापमानावर धरून ठेवणारा पहारेकरी म्हणजे फ्रिज. शिवाय बाटलीतला बर्फ वितळला की प्यायचं पाणीच होतो, पेटीत तुंबून पोळ्यांचा डबा भिजवत नाही.

रस्त्यात बर्फ विकत घेऊ म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्रातलाच एक नियम आठवावा. अखाद्य बर्फ सरबतात मिसळला जाऊ नये म्हणून २०१८ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने औद्योगिक वापराचा बर्फ निळा करण्याचं बंधन घातलं. हा नियम करावा लागला, यातच लादीच्या बर्फावर किती भरवसा ठेवायचा ते कळतं. दुसरा आक्षेप माठाचा आणि ओल्या गोणपाटाचा. नाशिकच्या कोरड्या एप्रिलमध्ये माठ खरोखर उत्तम काम करतो. पण त्याचं गारपण बाष्पीभवनावर चालतं, आणि चेन्नईच्या किंवा गोव्याच्या दमट हवेत ते मंदावतं. त्याच हवेत घामही वाळत नाही. म्हणजे जिथे माठ हरतो तिथेच शरीरही हरतं, आणि थंडाव्याची गरज नेमकी तिथेच सर्वांत जास्त असते.

तिसरा आक्षेप किमतीचा. चांगला कंप्रेसर फ्रिज आणि बॅटरी मिळून खर्च हजारांच्या घरात जातो, हे खरं आहे. म्हणून लोक स्वस्तातला थर्मोइलेक्ट्रिक कूलर घेतात आणि फसतात. पेल्टिए परिणामावर चालणारी ती पेटी भोवतालच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जाते. बाहेर ४० असेल तर आत २० ते २५, आणि त्यासाठीही ती न थांबता वीज खाते. त्यापेक्षा एकदिवसीय शर्यतीला घरचा बर्फ आणि साधी पेटी न्यावी. तिथे फ्रिजची गरज नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मुक्काम दोन दिवसांचा असेल तर चार-पाच जणांच्या संघाने मिळून एकच कंप्रेसर फ्रिज घ्यावा.

उरतो प्रश्न विजेच्या जोडणीचा, आणि बहुतेकांची निराशा इथेच होते. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. ती इंजिनला झटका देण्यासाठी बनवलेली. ती खोलवर रिकामी केली की तिचं आयुष्य घटतं आणि रविवारी रात्री गाडी ढकलावी लागते. म्हणून फ्रिजची बॅटरी वेगळीच हवी. दुसरी गोष्ट तारेची. पाच मीटर लांबीची दीड चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर ५ अँपिअरला जाऊन-येऊन सुमारे ०.६ व्होल्ट वाटेतच गळतात. फ्रिजला वाटतं बॅटरी संपली, आणि भरलेल्या बॅटरीवरही तो बंद पडतो. सहा चौरस मिलिमीटरची वायर घेतली की ही गळती ०.१५ व्होल्टच्या आत येते. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवायचा. बॅटरी बंद डिकीत उन्हात ठेवायची नाही, आणि फ्रिज व बॅटरी दोन्ही पेट्रोलच्या कॅनपासून लांब ठेवायची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, आणि प्लगची एक ठिणगी तिला पुरते. इंधन भरण्याच्या जागेत फ्रिज नको म्हणजे नकोच.

हा सगळा हिशेब मांडल्यावर माझं आयोजकांना एक मागणं आहे. हेल्मेट आणि अग्निशामकाची तपासणी झाल्याशिवाय आपण गाडी सोडत नाही. त्याच यादीत दर दोन-तीन मार्शल चौक्यांमागे एक गार पेटी यावी: आत ओले टॉवेल, कालवलेलं ओआरएस आणि गोठवलेल्या बाटल्या, आणि ती किती वाजता कोणी उघडून पाहिली याची नोंद. मुक्कामी स्पर्धेत तिथे कंप्रेसर फ्रिज असावा, एकदिवसीय स्पर्धेत बर्फाची पेटी चालेल. खर्च प्रवेश शुल्कात वाटला तर माणशी फारसा वाढणार नाही. संघांनीही शुक्रवारी सकाळी सामान भरायला घेण्याआधी, गुरुवारी रात्रीच फ्रिज घरच्या प्लगला लावून थंड करावा आणि बाटल्या गोठवाव्यात. आपल्याकडे मोटरस्पोर्ट अजून स्वयंसेवकांच्या बळावर उभं आहे. दिवसभर आपल्या सुरक्षेसाठी उन्हात उभ्या असलेल्या माणसाला गार पाणी आणि वेळेवर उपचार मिळणं हा त्याचा हक्क आहे, आणि त्याची तयारी गुरुवारी रात्रीपासून करणं हे स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाचं काम आहे.