लाईट गेली की रेंज का जाते? टॉवरची बॅटरी आणि फॅन कसे तपासतात

मी पडेगावला राहतो. संभाजीनगरातून दौलताबाद-वेरूळकडे निघालात की छावणीच्या पुढे लागतं ते. मे महिन्यातल्या एका दुपारी लाईट गेली आणि तासाभरात रेंजही गेली. नेमकी तेव्हाच शेजारच्या काकांना चक्कर आली. 108 लावायचा तर फोन 80 टक्के चार्ज, पण टॉवरच बंद! शेवटी रिक्षाने दवाखाना गाठला. काका आता ठणठणीत आहेत, पण मला प्रश्न पडला: टॉवरला तर बॅटरी बॅकअप असतो ना?

वीज येते कशी?

आपला चार्जर घरातल्या एसी विजेचं डीसी करतो. टॉवरखालच्या कॅबिनेटमध्ये हेच काम रेक्टिफायर करतात. टॉवरवरची उपकरणं साधारणपणे उणे 48 व्होल्ट डीसीवर चालतात. त्याच लाईनवर बॅटरी बँक असते. लेड-अ‍ॅसिड बँक असेल तर 2 व्होल्टचे 24 सेल एकापुढे एक जोडलेले. रेक्टिफायर तपासताना एक मॉड्यूल काढून बघतात, बाकीचे लोड उचलतात का.

खरी टेस्ट लोडवरच

जुना फोन 30 टक्के बॅटरी दाखवतो आणि कॅमेरा उघडला की बंद पडतो, बरोबर? टॉवरचंही तसंच. चार्जिंग चालू असताना मीटर 54 व्होल्टच्या आसपास दाखवतो, सगळं छान वाटतं. म्हणून टेक्निशियन मेन सप्लाय बंद करून लोड बॅटरीवर टाकतो आणि ठराविक वेळाने प्रत्येक सेलचं व्होल्टेज लिहून घेतो. 23 सेल 1.95 व्होल्टवर आणि एकच 1.7 वर घसरला, तर गडबड तिथेच. एक सेल थकला की पूर्ण बँक लंगडी पडते. 300 अँपिअर-तासाची बँक 30 अँपिअर लोडला कागदावर 10 तास चालते. थकलेली तासाभरातच मान टाकते.

उन्हाळा हा दुसरा शत्रू

लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं तापमान 25 अंशांच्या वर गेलं की दर 10 अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात बंद कॅबिनेट!

वर अँटेनाजवळ असतो त्या रेडिओ युनिटला बहुतेक वेळा फॅन नसतो, मागच्या धातूच्या पट्ट्या उष्णता बाहेर टाकतात. खालच्या बेसबँड युनिटला मात्र फॅन लागतात. ते फिरतात का, एक बंद केला तर अलार्म येतो का, फिल्टरमध्ये धूळ साचली का, हे बघतात. इन्फ्रारेड गनने वायरचे जोडही तपासतात, कारण ढिला जोड तापतो. कूलिंग कमी पडलं तर उपकरण आधी पॉवर कमी करतं, नंतर स्वतःच बंद होतं.

आपण काय करायचं?

रेंज गेली तरी 112 लावून बघा. दुसऱ्या कंपनीचा टॉवर चालू असेल तर फोन त्यावरून इमर्जन्सी कॉल लावू शकतो. घरचा राउटर इन्व्हर्टरवर असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू ठेवा. आणि तक्रार करताना नुसतं ‘रेंज नाही’ म्हणू नका. लाईट किती वाजता गेली आणि रेंज किती वाजता गेली, दोन्ही सांगा. या दोन वेळांमधलं अंतर म्हणजे त्या बॅटरीची आपण घेतलेली टेस्टच. आमच्या टॉवरचा निकाल होता एक तास. तुमच्या टॉवरचा किती?