बोटांना डोळे फुटताना

नागझिऱ्याचे अरण्य पाहून परतणारी कुटुंबे मुलांसाठी हौसेने खेळण्यातला वाघ घेतात. डोळस मुलाला तो वाघ भासतो, कारण त्याने वाघाचे चित्र पाहिलेले असते. जन्मतः दृष्टी नसलेल्या बालकाच्या हाती मात्र तो चार खुंट्यांचा एक गुळगुळीत तुकडा ठरतो. रंगवलेले पट्टे बोटांना लागतच नाहीत. याउलट गोंदिया जिल्ह्यात घरोघरी असणारा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल पाहा. ज्या मुलाने गोठ्यातल्या बैलाची शिंगे, वशिंड आणि उबदार कातडी चाचपली आहे, त्याला या बैलाचा अर्थ लागतो. शिवाय चाके फिरवावी, दोरी ओढावी, खडखड ऐकावी, अशी हातांना कामे मिळतात ती निराळीच.

वाचकहो, हातांना काम मिळणे हीच येथे कळीची गोष्ट आहे. डोळस अर्भक चार-पाच महिन्यांचे झाले की दिसलेल्या वस्तूकडे हात नेते. ज्याला काही दिसत नाही, त्याला हात पुढे करण्याचे कारणच सापडत नाही. अमेरिकी संशोधिका सेल्मा फ्रायबर्ग यांनी १९७७ सालच्या आपल्या ग्रंथात अशा अर्भकांचे खांद्यांजवळ दुमडून राहिलेले हात वर्णिले आहेत. केवळ आवाजाच्या रोखाने हात नेणे त्यांना बहुधा पहिल्या वर्षाच्या अखेरीस साधते. ‘आमचे बाळ शांत आहे’ असे घरचे कौतुकाने म्हणतात, तेव्हा कित्येकदा ते हात रिकामे असतात.

डेन्मार्कच्या लिली नील्सन यांनी यावर ‘छोटी खोली’ योजली : बाळ उताणे निजेल एवढी पेटी आणि तिच्या छतापासून लोंबणाऱ्या नानाविध वस्तू. वस्तू जागच्या जागी राहतात, म्हणून हात चुकून लागलेली वस्तू बाळाला पुन्हा शोधता येते. आपल्याकडे सुंभाची खाट हे काम उत्तम करते. खाली चटईवर बाळाला निजवावे. वर चमचा, किल्ल्यांचा जुडगा, बांबूची गुळगुळीत कांडकी, खरखरीत कापड आखूड दोऱ्यांनी पक्के बांधावे. जवळ मोठे माणूस हवेच.

बसू लागलेल्या मुलापुढे काठाची परात ठेवावी. तीतून वस्तू घरंगळून हरवत नाही. डबा उघडणे-मिटणे, झाकण पिळणे, तांदळाची उकड मळणे, कपड्यांचे चिमटे टोपलीच्या काठाला लावणे, यांनी मनगट आणि चिमूट बळावते. धान आणि लाखोळी वेगळी निवडण्याचा खेळ तीन वर्षांनंतरच द्यावा. त्याआधी दाणे नाका-तोंडात जाण्याचा धोका असतो. रानातील गुंजेच्या बिया आणि एरंडी मात्र कोणत्याही वयात खेळायला देऊ नयेत. दोन्ही विषारी आहेत.

एक पथ्य पाळावे. मुलाचा हात धरून वस्तूवर दाबू नये. दुसऱ्याने खेचलेला हात कालांतराने आखडतो आणि नव्या स्पर्शाला घाबरतो. त्यापेक्षा आपला हात मुलाच्या हाताखाली ठेवावा, म्हणजे आपण काय करतो ते त्याला कळते आणि हवा तेव्हा हात काढूनही घेता येतो.

ही घाई कशासाठी? शाळेत ब्रेल वाचायचे तर सहा टिंबांच्या उठावातील फरक बोटाच्या टोकाने ओळखावा लागतो. पाटीवर लिहायचे तर सुईसारख्या टोच्याने जाड कागदावर उजवीकडून डावीकडे टिंबे उमटवावी लागतात. मऊ राहिलेल्या बोटांना हे जड जाते. किराणा दुकानातला अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे सहा खळगे राहतील असा कापावा, दोन उभ्या ओळी आणि प्रत्येकीत तीन. त्यात चिंचोके भरत, काढत मुलाला ब्रेलच्या घराची ओळख होते.

मात्र खेळण्यांच्या आधी डोळ्यांची तपासणी. जन्मजात मोतीबिंदू वेळीच काढला तर दृष्टी वाचू शकते, आणि पुष्कळ मुलांना थोडा उजेड दिसतही असतो. त्यांना काळ्या परातीत पांढरी वस्तू द्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, तेव्हा शून्य ते सहा वयाच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते. मंगेझरी, चोरखमाऱ्यासारख्या जंगलकाठच्या गावांतील पालकांनी पथकाच्या भेटीचा दिवस अंगणवाडी सेविकेकडे आधीच विचारून ठेवावा.