पाणी खाणारं इंजिन

टाटीबंध, भनपुरी, उरला या रायपूरच्या ट्रकपट्ट्यात जुनी गाडी गॅरेजला लागते ती बहुतेक एकाच तक्रारीने: ‘पानी खाती है’. नाकाड बॉनेटच्या टाटांमध्ये 697 हे इंजिन अजून भेटतं. सहा सिलिंडर, 97 मिलिमीटर बोअर, त्यावरूनच हे नाव पडलं. टाटांच्या टेल्को कंपनीने डाइम्लर-बेंझशी 1954 मध्ये केलेला करार 1969 मध्ये संपला, बॉनेटवरचा बेंझचा तारा गेला, पण इंजिनांचा वंश तोच राहिला. जाड बिडाचा ब्लॉक, बाहेरून हात पोचेल अशी मांडणी, आणि कुठल्याही संगणकाविना दोष सांगण्याची सोय. असं असूनही तक्रार ऐकताच अनेकदा पाना थेट सिलिंडर हेडच्या बोल्टला लागतो. हा दोष मिस्त्रीच्या अकलेचा नाही, मजुरीच्या हिशेबाचा आहे, असं माझं म्हणणं आहे. गळती शोधायला लागतो वेळ, आणि गॅरेजच्या बिलात वेळाचा रकाना नसतो.

थेंब जिथे पडतो तिथे गळती असतेच असं नाही. पंख्याचा वारा पाणी मागे लोटतो, ब्लॉकच्या कडेवरून ते ओघळत जातं आणि गिअरबॉक्सजवळ टपकतं. म्हणून जाणता मिस्त्री ‘कुठे’च्या आधी ‘कधी’ विचारतो. सकाळी थंड गाडीखाली ओल असते आणि गाडी तापल्यावर थांबते, तर संशय होज पाइपच्या क्लिपांवर. थंडीत रबर आकसतं आणि पकड सैल होते. इंजिन चालू असतानाच गळतं, तर वॉटर पंपाच्या खालचं छोटं भोक बघायचं. आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर पडावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. गाडी बंद केल्यावर काही मिनिटांनी गळायला लागतं, तर आणखी वेगळी गोष्ट: पंप थांबलेला, बिडातली उष्णता पाण्यात उतरतेय, दाब चढतोय. रेडिएटरचं झाकण 0.5 बारचं असेल तर आतलं साधं पाणी 100 ऐवजी सुमारे 111 अंशांना उकळतं. झाकणाची स्प्रिंग मेली की हे वरचे 11 अंश हातचे जातात. मग कुठेही भोक नसताना गाडी पाणी फेकते, आणि एका झाकणापायी हेड उतरवलं जातं.

रायपूरची खास अडचण जमिनीखाली आहे. या मुलखाखाली चुनखडीचे थर आहेत. आसपासचे सिमेंट कारखाने त्यावरच उभे आहेत. त्या थरांतलंच बोअरचं जड पाणी जुन्या ट्रकच्या रेडिएटरमध्ये जातं, कारण इथे पाणी गोठायची भीती नाही आणि कूलंटला पैसे पडतात. कूलंटमध्ये गंजरोधक द्रव्यंही असतात, हे त्या हिशेबात येत नाही. क्षार पाण्याच्या वाटांत साचतात, बीड आतून तापतं, हेड वाकायला लागतं. पण हाच चुना साक्षही देतो. रंगीत कूलंट हिरवा डाग सोडतं. इथलं पाणी तापल्या बिडावर वाळून पांढरी रेघ सोडतं. ती रेघ धरून वर गेलं की उगमाशी पोचता येतं. म्हणून तपासणीआधीच इंजिन धुऊन चकाचक करणं म्हणजे पुरावा पुसणं.

बाहेर काहीच दिसत नसेल तर पाणी आत जातंय. रात्रभर उभ्या गाडीच्या तेलाच्या चेंबरचा नट सकाळी जरासा सैल केला की उत्तर मिळू शकतं: पाणी तेलाहून जड, तळाशी बसलेलं, तेलाआधी तेच झिरपतं. ज्वलनाच्या कोठीतली गळती दोन तोंडांची असते. इंजिन चालताना वायू पाण्यात शिरतो, बंद झाल्यावर उरलेला दाब पाणी सिलिंडरात ढकलतो. सकाळचा पांढरा धूर तिथून येतो. मग थंड इंजिनाचा पंख्याचा पट्टा काढायचा, रेडिएटर काठोकाठ भरायचा, झाकण उघडं ठेवून इंजिन थोडाच वेळ चालवायचं. तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील तर एकेका नोझलची डिझेल नळी सैल करायची, म्हणजे तो सिलिंडर मुका होतो. ज्याच्या पाळीला बुडबुडे थांबले किंवा कमी झाले, तो संशयित. एक पाना आणि दोन डोळे एवढ्यावर सहातला एक हेरला जातो, आणि हेड उघडण्याआधीच कुठे पाहायचं ते कळलेलं असतं.

यावर चालक म्हणतील, हळद टाकली की थांबतं. थांबतं खरं, गरम पाण्यात फुगलेले कण रेडिएटरच्या बारीक भोकात अडकतात आणि गाडी मुक्कामाला लागते. पण तीच हळद चुन्याबरोबर बारीक नळ्यांत बसते, आणि ज्वलनाच्या दाबापुढे तिचं काही चालत नाही. दाब देणारा हातपंप आहे की, असंही म्हणता येईल. तो जरूर वापरावा, पण थंड इंजिनावर मिटलेली चीर तापल्यावरच उघडते; पंप घेऊनही ‘कधी’ चुकवता येत नाही. सगळ्यात वजनदार आक्षेप मालकाचा: भंगाराच्या भावाच्या गाडीवर एवढा वेळ कोण घालवणार? उलट अशाच गाडीला उगाच उघडलेलं हेड परवडत नाही. हेड उतरलं की नवं गॅस्केट आलं, वाकलेलं निघालं तर फेसिंग आलं, गंजलेला एखादा बोल्ट तुटला तर ते काम वेगळं. त्यात मूळ दोष पंपाच्या सीलचा निघाला तर हा सगळा खर्च पाण्यात.

आज मिस्त्रीला हेड खोलण्याची मजुरी मिळते, न खोलता दोष सांगण्याची नाही. गाडी थंड होईपर्यंत थांबलेला कारागीर मालकाला रिकामा बसलेला वाटतो. डॉक्टरची तपासणी फी आपण औषधाआधी देतो. गाडी रात्रभर ठेवून सकाळी बघण्याचा दरही तसाच आधी ठरला पाहिजे. तो ठरला की घाईने हेड उघडण्यात मिस्त्रीचा फायदा उरणार नाही, आणि मालकाला त्याच्या बिलात निदान दोषाचं नाव तरी वाचायला मिळेल.