कोरगुटाची कुळी संगणकावर

पेडणे तालुक्याच्या दोन बाजूंना दोन नद्या: उत्तरेला तेरेखोल, दक्षिणेला शापोरा. दोन्हींत भरतीचे पाणी बरेच आत येते. म्हणून काठच्या सखल जमिनींना बांद घातले, मानशी (पाणी आत-बाहेर सोडायची दारे) बसवल्या आणि खाजने उभी राहिली. पावसाने मिठाचा अंश धुऊन नेला की या खाजनांत भात पेरायचे. पण मीठ पुरते कधी जात नाही, एखादा बांद फुटला तर पुन्हा खारे पाणी आत शिरते. अशा जमिनीत जया किंवा ज्योती हे सुधारित वाण मान टाकतात, कोरगुट हे पारंपरिक भात मात्र तग धरते.

कोरगुट म्हणजे एकच एक वाण, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या घरच्या बियाण्यावर राखलेले कुठलेही भात ही एक मिश्र वस्ती असते. एकाच कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) थोडी उंच, थोडी बुटकी, थोडी जास्त मीठ सोसणारी रोपे शेजारीशेजारी उभी असतात. जुने गोव्याच्या आयसीएआर संशोधन संस्थेने याच कोरगुटातून निवड करून ‘गोवा धान 1’ आणि ‘गोवा धान 2’ हे वाण दिले. मुळात विविधताच नसती, तर निवडायचे कशातून?

ही विविधता डोळ्यांना दिसते त्यापेक्षा डीएनएमध्ये जास्त असते. भाताच्या 12 गुणसूत्रांचा सुमारे 39 कोटी अक्षरांचा मजकूर 2005 साली वाचून झाला. पुढे जगभरच्या 3,010 भातांची तुलना झाली आणि 2018 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत एका अक्षराचा फरक असलेली सुमारे 2.9 कोटी ठिकाणे सापडली. हा माहितीसाठा फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘एसएनपी-सीक’ या साधनातून इंटरनेटवर खुला केला. केरळच्या पोक्कळी भातातला मीठ सोसण्याचा गुण पहिल्या गुणसूत्रावरच्या ‘सॉल्टॉल’ नावाच्या तुकड्याशी जोडलेला आहे. तिथले एक जनुक सोडियमला पानांपर्यंत पोचण्याआधीच अडवते. कोरगुटाचा तोच तुकडा वाचून पोक्कळीशेजारी ठेवला, तर दोघांची युक्ती एकच आहे की कोरगुटाने वेगळी वाट काढली आहे, हे तपासायला सुरुवात करता येते.

एका तुकड्याकडून पूर्ण वस्तीकडे वळले की साधने बदलतात. त्यांतले सर्वांत गाजलेले ‘स्ट्रक्चर’, 2000 साली प्रिचर्ड, स्टीफन्स आणि डॉनली यांनी मांडलेले. शंभर रोपांच्या जनुकीय खुणा त्याला द्या, किती गट शोधायचे ते सांगा. कुठले रोप कुठल्या गटात बसते आणि कुठे सरमिसळ झाली आहे, ते रंगीत पट्ट्यांच्या चित्रात समोर येते. पूर्वी असल्या बऱ्याच विश्लेषणांसाठी काळ्या पडद्यावर आज्ञा टंकाव्या लागत. आता ‘गॅलेक्सी’सारख्या मुक्त व्यासपीठांवर असली कितीतरी विश्लेषणे ब्राउझरमधून होतात, आणि गणित दूरच्या संगणकावर चालते. सांखळीच्या सरकारी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही ते जमेल.

सोय झाली हे चांगलेच. पण सोयीबरोबर एक खोड आली. बटण दाबले की चित्र येतेच, माहिती कशीही असो. ‘स्ट्रक्चर’ असे धरून चालते की गटाच्या आत परागण मुक्तपणे, कुणाचेही कुणाशी होते. भात तर बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते. तिथे हे गृहीतक कोसळते आणि नसलेले गट दिसू लागतात. स्वपरागणाचा हिशेब धरणारे ‘इनस्ट्रक्ट’ 2007 मध्ये आले, तरी घाईत असलेला माणूस प्रसिद्ध साधनाकडेच वळतो. गटांची संख्या ठरवण्याच्या एका लोकप्रिय पद्धतीचा कलही वारंवार ‘दोन’ या उत्तराकडे असतो, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे.

दुसरी फसगत नमुन्यांची. डिचोलीच्या डोंगरउतारावरची काजू घ्या. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आलेले हे झाड परपरागणाचे. जुन्या बागा बी टोचून लावलेल्या, म्हणून तिथे प्रत्येक झाड निराळे. नव्या बागांत कलमे, उदाहरणार्थ बाळ्ळीच्या झाडातून निवडलेली ‘गोवा काजू 1’. एकाच मातृवृक्षाच्या दहा कलमांची पाने नमुने म्हणून घेतली, तर साधन त्या दहांचा ‘स्वतंत्र गट’ करून दाखवील आणि कुणी त्यावर प्रबंधही लिहील!

म्हणून ऑनलाइन साधने बांधणाऱ्यांकडून माझी अपेक्षा सुंदर आलेखांची नाही. पीक स्वपरागी की परपरागी, नमुने बियांचे की कलमांचे, एका शेतातून किती घेतले, हे प्रश्न साधनाने विश्लेषणाआधी विचारावेत आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. एकसारखे नमुने आपणहून ओळखून बाजूला काढावेत. वाणाचे नाव देवनागरीत, शेतकरी म्हणतो तसे नोंदवायची जागा ठेवावी, कारण रोमन लिपीत ‘असगो’ या भाताच्या तीन स्पेलिंगांचे तीन वाण व्हायला वेळ लागत नाही.

उरलेले काम संगणकाबाहेरचे आहे. 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्याला किंवा गावाला आपला पारंपरिक वाण स्वतःच्या नावे नोंदवता येतो. बियाणे प्रयोगशाळेकडे देण्याआधी ही नोंदणी करून घ्यावी. पेडण्यात किंवा डिचोलीत ज्यांच्या घरी कोरगुट, असगो, मुणो, दामगो यांचे बियाणे अजून राखलेले असेल, त्यांनी ते दुसऱ्या भातात मिसळू देऊ नये. पिशवीवर नाव, गाव, शेत खाजनातले की मोरडीतले (उंचावरच्या जमिनीतले) आणि साल लिहावे, आणि मूठभर बियाणे जुने गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्राला दाखवावे.